आचार्य धर्मानंद कोसंबी : पालीला कॉलेजात नेणारा कोकणी माणूस

आपल्या विहारात दर पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील होते. लहान पोरांनासुद्धा ते तोंडपाठ आहे. पण मुलगा किंवा मुलगी कॉलेजात पाली विषय घेतो म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो, त्याने नोकरी मिळणार का? आम्ही त्या आईबापांना दोष देत नाही. गिरणीत राबून पोरं शिकवणाऱ्याला पोटाचा हिशेब चुकत नाही. मात्र हा विषय आपल्या भागातल्या कॉलेजात आला कसा, हे त्यांच्या कानावर घालावे म्हणून आम्ही या स्मरणिकेत आचार्य धर्मानंद कोसंबींचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावचा. जात सारस्वत ब्राह्मण, घरी माडांची बागायत. शाळा नावापुरतीच झाली, लग्न मात्र लहानपणीच लागले. १८९७ साली ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धांवरचा लेख वाचला आणि मनाने तिथेच अडकले. १८९९ च्या अखेरीस बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. मागे राहिलेल्या त्या माउलीने काय सोसले असेल, ते आमच्या आयाबहिणींना सांगायला नको.

पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धधम्म शोधायला नेपाळात गेले, तिथे निराशा झाली. शेवटी १९०२ साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले आणि सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशही पाहिला. ज्या देशात बुद्ध झाले त्या देशातल्या माणसाला बुद्धवचन शिकायला समुद्र ओलांडावा लागला, हे लक्षात ठेवा.

असं का झालं? आपल्या कोकणाकडेच बघा ना. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. आधी बौद्ध भिक्खूंची, मग वज्रयानी पंथाची, पुढे शैव आणि नाथपंथीयांची. एकाच डोंगरात हजारभर वर्षांचा इतिहास थरावर थर बसलेला. महाडजवळ गांधारपाले लेण्यात तर ब्राह्मीत कोरलेला दानलेख आहे. पण लेणे दिसले की गावोगाव लोक सांगतात, पांडवांनी एका रात्रीत कोरलं! लोकांची आठवण खोटी नसते, पण ती बुजते. अक्षर वाचणारा माणूस राहिला नाही की दगड मुका होतो. ते वाचायचे तर विद्यापीठात पाली-प्राकृत शिकवलीच पाहिजे.

धर्मानंदांनी हेच काम अंगावर घेतले. १९०६ नंतर ते कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. तिथे पगार चांगला होता. पण महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा मोठी जागा सोडून ते त्यावर आले. स्वतः मॅट्रिकसुद्धा नसलेल्या या माणसाला १९१० साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावले. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या मदतीने त्यांनी मुंबई विद्यापीठात पाली विषय लावून घेतला आणि १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तो शिकवला. त्यांचेच विद्यार्थी पु. वि. बापट. बुद्धधम्माच्या अडीच हजार वर्षांवरचा सरकारी ग्रंथ १९५६ साली बापटांनी संपादित केला, आणि त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला.

पुढे हार्वर्डच्या आणखी फेऱ्या, गुजरात विद्यापीठ, रशियात लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग. १९३७ साली त्यांनी मुंबईत परळला बहुजन विहार काढला, तोही आमच्यासारख्या गिरणीवाल्यांच्या आणि दलितांच्या वस्तीत. पैसा बिर्लांचा होता, आणि धर्मानंद गांधीजींच्या बाजूचे होते. आपल्यातल्या काहींना हे खुपते. खुपू द्या, पण त्यांचा ‘भगवान बुद्ध’ ग्रंथ जरूर वाचा. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी जुन्या सुत्तांच्या आधारे बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या तंट्याकडे बोट दाखवले. बाबासाहेबांच्या १९५७ साली निघालेल्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हेच आहे.

त्यांचे चिरंजीव दामोदर गणिती होते, पण बापाचा वारसा त्यांनी पायी डोंगर तुडवून, लेणी आणि खेडी बघून चालवला आणि मोठे इतिहासकार झाले.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून धर्मानंद गेले. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांनी केलेली देवनागरी प्रत १९४० साली मुंबईत निघाली होती. हार्वर्डची रोमन लिपीतली प्रत निघायला १९५० साल उजाडले, ती त्यांना बघायला मिळाली नाही.