विश्लेषण : अडगळीतल्या राउटरला दुसरा जन्म मिळतो तो डेनिस रिचींमुळे! कसा?

घरातले इंटरनेटचे कनेक्शन बदलले की जुना राउटर माळ्यावर जातो. कंपनीने त्याचे अपडेट देणे कधीच थांबवलेले असते. तरीही जगभरातले हौशी आणि व्यावसायिक तंत्रज्ञ अशा डब्यांतून मूळची प्रणाली काढून ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवतात आणि त्याच डब्याला फायरवॉल, छोटा सर्व्हर किंवा वाय-फाय रिपीटर बनवतात. एका यंत्रासाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्या यंत्रावर चालू शकते, हे आज गृहीत धरले जाते. पन्नास वर्षांपूर्वी तसे नव्हते. ते शक्य करणाऱ्यांत अग्रभागी असलेले डेनिस रिची आयुष्यभर प्रसिद्धीपासून दूर राहिले.

रिची कोण होते?

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. स्विचिंग सर्किट, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या मुळाशी असलेले तंत्र, हा त्यांचा विषय. डेनिस यांनी हार्वर्डमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पुढे गणिताकडे वळून १९६८ मध्ये पीएच.डी.चा प्रबंधही लिहिला. पण त्याची बांधीव प्रत ग्रंथालयात जमा केली नाही आणि पदवी कधी मिळालीच नाही. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते वडिलांच्याच संस्थेत रुजू झाले होते.

युनिक्सची सुरुवातच टाकाऊ यंत्रावर?

जवळपास तशीच. बेल लॅब्ज, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून ‘मल्टिक्स’ नावाची अवाढव्य प्रणाली उभारत होते. खर्च आणि विलंब पाहून १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्प्सन यांच्या हातात एकदम काहीच उरले नाही. नवे संगणक घेण्याच्या त्यांच्या मागण्या व्यवस्थापनाने फेटाळल्या.

तेव्हा थॉम्प्सन यांना फारसा कोणी वापरत नसलेला, तोपर्यंत जुना झालेला पीडीपी-७ संगणक सापडला. त्याची स्मृती ८,१९२ शब्दांची, एक शब्द १८ बिटांचा. आजच्या मोजणीत सगळी मिळून १८ केबी. दोघांनी आधी त्यावर अंतराळप्रवासाचा एक खेळ उतरवला. त्या यंत्रावर प्रोग्राम तयार करण्याची सोय नव्हती म्हणून तो दुसऱ्या मोठ्या संगणकावर तयार करायचा, कागदी पट्टीवर छापायचा आणि ती पट्टी हातात घेऊन पीडीपी-७ कडे जायचे. आज राउटरसाठीची प्रणाली लॅपटॉपवर तयार करून केबलने डब्यात चढवली जाते. पट्टी गेली, पद्धत तीच राहिली. याच खटपटीतून युनिक्स जन्मले.

पुढचे यंत्र, पीडीपी-११, मिळवायला एक शक्कल लढवावी लागली. कंपनीच्या पेटंट विभागासाठी मजकूर टाइप करून छापण्याची व्यवस्था करून देतो, असे सांगून ते मंजूर करून घेतले गेले. त्यात २४ केबी स्मृती होती. पैकी १६ केबी प्रणालीला, उरलेली ८ केबी वापरणाऱ्याला.

‘सी’ भाषेने काय बदलले?

तोवर ऑपरेटिंग सिस्टीम बहुतेकदा असेम्ब्ली भाषेत, म्हणजे त्या-त्या प्रोसेसरच्या बोलीत लिहिली जाई. यंत्र बदलले की सगळे पुन्हा लिहायचे. थॉम्प्सन यांची ‘बी’ भाषा होती, पण तिला अक्षर आणि आकडा यांतला फरक कळत नव्हता. रिचींनी तिच्यात डेटाचे प्रकार आणले आणि १९७१ ते १९७३ या काळात ‘सी’ घडवली. १९७२ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत लिहिण्याचा पहिला प्रयत्न फसला. रिचींनी ‘स्ट्रक्चर’ची सोय केल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात तो जमला.

खरी कसोटी पुढे होती. १९७७ च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी पीडीपी-११ पेक्षा मुद्दाम वेगळा असा इंटरडेटा ८/३२ हा संगणक निवडून त्यावर युनिक्स नेले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठातही, स्वतंत्रपणे, ते इंटरडेटाच्याच दुसऱ्या यंत्रावर चालले. प्रणालीचा बहुतेक भाग ‘सी’मध्ये असल्याने यंत्राशी जखडलेला थोडाच भाग नव्याने लिहावा लागला. या प्रयोगाला रिचींच्या आयुष्यात जेवढे महत्त्व द्यायला हवे तेवढे दिले जात नाही. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह लिहिलेले ‘सी’वरचे पुस्तक मात्र जगभर पोहोचले. आपल्याकडे पुढे नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ने ही भाषा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली.

मग राउटरचा संबंध कुठे?

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर आणला. आत मिप्स जातीचा प्रोसेसर, १६ एमबी स्मृती, ४ एमबी फ्लॅश. म्हणजे पीडीपी-७ च्या नऊशे पट स्मृती, तीही एका निळ्या-काळ्या डब्यात. त्यात लिनक्स वापरल्याचे उघड झाले. लिनक्सच्या परवान्यानुसार सोर्स कोड देणे बंधनकारक असल्याने तो २००३ मध्ये खुला करावा लागला. त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले, नावातही त्या राउटरची खूण ठेवून.

लिनक्समध्ये रिचींचा कोड नाही. पण त्याची घडण युनिक्सची आणि भाषा ‘सी’ आहे, म्हणूनच तो मिप्स, एआरएम, इंटेल अशा कोणत्याही प्रोसेसरवर नेता येतो. मालकीचा प्रश्न मात्र रिचींनी सोडवला नाही, हेही नोंदवले पाहिजे. युनिक्स एटी अँड टी कंपनीचे होते. विद्यापीठांना ते सुरुवातीला स्वस्तात, सोर्स कोडसह मिळाले. १९७९ नंतर वर्गात तो कोड शिकवण्यावर बंधने आली. विकत घेतलेल्या डब्यात काय चालवायचे हे ठरवण्याचा हक्क रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्या इतरांच्या लढ्यातून आला. कंपन्यांनीही तो सहजासहजी सोडला नाही. २००५ मध्ये त्याच राउटरच्या पुढच्या आवृत्तीत फ्लॅश निम्मी झाली आणि लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स आले. मागणी पाहून कंपनीला लिनक्सवाली ‘जीएल’ आवृत्ती वेगळी काढावी लागली.

माळ्यावरचा डबा उतरवण्याआधी एक खबरदारी : मॉडेलसोबत त्याचा आवृत्ती क्रमांकही तपासावा. चुकीची फाइल चढवली तर राउटरची ‘वीट’ होते. शिवाय ४ एमबी फ्लॅशच्या डब्यांवर ओपनडब्ल्यूआरटीच्या नव्या आवृत्त्या आता बसत नाहीत.

अखेर कशी झाली?

थॉम्प्सन यांच्यासह रिचींना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नंतर ते ‘प्लॅन ९’ आणि ‘इन्फर्नो’ या प्रणालींच्या कामात होते. यंत्र कोणतेही असो, प्रोग्राम तोच चालावा ही इन्फर्नोमागची कल्पना. ल्युसेंट कंपनीने तिचा वापर आपल्या ‘ब्रिक’ या फायरवॉलमध्ये केला. २००७ मध्ये रिची निवृत्त झाले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूजर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत. आठवडाभर आधीच स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि वृत्तपत्रांची पाने त्यांनाच दिली गेली होती. नोव्हेंबरमध्ये आलेली फेडोरा लिनक्सची १६ वी आवृत्ती आणि जानेवारी २०१२ मधली फ्रीबीएसडी ९.० या दोन्ही रिचींच्या स्मृतीला अर्पण करण्यात आल्या. जुन्या फायरवॉल पेट्यांवर आज हौसेने बसवली जाणारी पीएफसेन्स ही प्रणाली याच फ्रीबीएसडीवर उभी आहे.