आईच्या घरातला मऊ उजेड
उघड्या बल्बखाली बसलं की डोळे दिपतात अन् चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते, हो ना? डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेनला नेमकं हेच खुपलं. १८९४ चा जन्म. आई अ‍ॅग्नेस लेखिका. पॉल तिचा लग्नाबाहेरचा मुलगा. त्या काळी तिला किती ऐकून घ्यावं लागलं असेल! लहानपणी घरात रॉकेलचे दिवे होते. वीज आली आणि तो मऊ उजेड हरवला. तो परत आणायचा ध्यासच पॉलनं घेतला. १९२६ मध्ये एकाखाली एक तीन छत्र्यांचा दिवा आला: बल्ब डोळ्यांत खुपत नाही, टेबल मात्र उजळतं. १९४३ मध्ये नाझींमुळे होडीतून स्वीडन गाठावं लागलं. बल्बवाले सारखे आकार बदलतात म्हणून वैतागून १९५८ मध्ये त्यानं कुठलाही बल्ब चालेल असा पीएच-५ केला. १९६७ मध्ये पॉल गेला. डॅनिश घरांत जेवणाच्या टेबलावर तो दिवा आजही टांगलेला दिसतो.