'मिसम्मा'ची सावित्री

शाळेला शिक्षक आणि शिक्षिका हवे आहेत, मात्र ते पती-पत्नी असले पाहिजेत. ही अट वाचून बेकारीने गांजलेला एक हिंदू तरुण आणि कर्जाने पिचलेली एक ख्रिस्ती तरुणी दांपत्य असल्याची बतावणी करीत जमीनदाराच्या गावी दाखल होतात. जानेवारी १९५५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'मिसम्मा' या तेलुगू चित्रपटाचे हे कथाबीज. मूळ कथा रवींद्रनाथ मैत्र यांच्या बंगाली नाटकाची. आपल्याकडील रसिकांना ती १९५७ च्या 'मिस मेरी'मुळे आठवेल. हिंदीत मेरी झाली मीनाकुमारी. तेलुगूत ती होती सावित्री.

गुंटूर जिल्ह्यातील चिर्रावूरु हे सावित्रीचे जन्मगाव. तिच्या जन्मवर्षाविषयी एकमत नाही. ते गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातले, एवढे खरे. तान्हेपणीच पितृछत्र हरपले. मावशीच्या घरी विजयवाड्यात नृत्य आणि नाटकाचे संस्कार झाले आणि किशोरवयातच तिने मद्रास गाठले. एल. व्ही. प्रसाद दिग्दर्शित 'संसारम्'मध्ये (१९५०) तिला मोठी भूमिका देऊ केली गेली होती. पण कॅमेऱ्यासमोर ती बावरली, भूमिका दुसरीकडे गेली आणि तिच्या वाट्याला किरकोळ काम आले. १९५३ च्या 'देवदासु'तील पार्वतीने मात्र तिचे नाव घरोघरी पोहोचविले.

तरीही 'मिसम्मा'साठी प्रथम तिची निवड झाली ती दुय्यम नायिकेच्या भूमिकेसाठी. मेरी होत्या भानुमती. त्यांचे निर्माते चक्रपाणि यांच्याशी खटके उडाले, चित्रित झालेली रिळे बाद झाली आणि मेरी सावित्रीकडे आली. जमुना हिला सावित्रीची आधीची भूमिका मिळाली. दिग्दर्शक पुन्हा प्रसादच होते!

सावित्रीची मेरी हसत नाही, यातच त्या विनोदाचे मर्म आहे. सदैव चिडलेली, फटकळ, खोट्या संसाराने अपमानित झालेली ही मुलगी जितकी गंभीर, तितका प्रेक्षक हसतो. एन. टी. रामाराव यांचा शांत नायक तिचा राग निमूटपणे झेलतो. तिच्या रागाची जागा नकळत मत्सर घेऊ लागतो. हा बदल सावित्रीने केवळ डोळ्यांनी दाखविला आहे.

तमिळ आवृत्तीत, 'मिस्सियम्मा'त, नायक होते जेमिनी गणेशन. पडद्यावर लग्न न झालेले दोघे विवाहित असल्याचे सोंग आणत होते. प्रत्यक्षात त्या दोघांचा विवाह १९५२ मध्येच गुपचूप झाला होता. गणेशन आधीच विवाहित होते. त्यामुळे पडद्याबाहेर सोंग उलटे होते, आणि ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते.

पुढे 'मायाबजार' (१९५७) आणि 'मूग मनसुलु' (१९६४) या चित्रपटांनी तिला 'महानटी' ठरविले. कॅमेऱ्यामागेही काही करून पाहण्याची तिची उमेद होती. १९६८ मध्ये तिने 'चिन्नारि पापलु' दिग्दर्शित केला. त्यातील बहुतेक तंत्रज्ञ स्त्रिया होत्या. त्या काळी हे धाडसच. चित्रपट आर्थिकदृष्ट्या कोसळला. 'मूग मनसुलु'चा तमिळ अवतार 'प्राप्तम्' (१९७१) तिने स्वतःच निर्माण आणि दिग्दर्शित केला, तोही चालला नाही. कर्ज, प्राप्तिकर खात्याचा ससेमिरा, मोडलेला संसार आणि मद्य यांनी उरलेले सारे नेले. व्यसनाची चर्चा नेहमी होते. दिग्दर्शिका म्हणून तिने पत्करलेल्या जोखमीची तितकीशी होत नाही.

१९८० मध्ये ती कोमात गेली. एकोणीस महिन्यांनी, २६ डिसेंबर १९८१ रोजी, मद्रासमध्ये तिचे निधन झाले. २०११ मध्ये टपाल खात्याने जुन्या अभिनेत्रींवर तिकिटांची मालिका काढली, तीत तेलुगूतील मेरी आणि हिंदीतील मेरी, सावित्री आणि मीनाकुमारी, दोघीही आहेत.