हाडांतल्या साखरेची वाट दाखवणारा डॉक्टर

हाडे म्हटली की आपल्याला कॅल्शियम आठवते, फार तर ‘ड’ जीवनसत्त्व. पण वाढत्या मुलाच्या हाडाला आकार देण्यात साखरेच्या लांबलचक साखळ्यांचाही मोठा वाटा असतो. शरीर या साखळ्या कशा विणते, याची पहिली गाठ सोडवली ती अर्जेंटिनाच्या डॉ. लुईस लेलुआर यांनी.

लेलुआर यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०६ रोजी पॅरिसमध्ये झाला. जन्माच्या काही दिवस आधीच वडील वारले होते. दोन वर्षांचे असताना ते कुटुंबासह अर्जेंटिनात आले. १९३२ मध्ये ब्यूनोस आयर्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी काही काळ रुग्णालयात काम केले. तो काळ प्रतिजैविकांच्या आधीचा. बऱ्याच आजारांत धीर देण्यापलीकडे डॉक्टरच्या हाती फारसे काही नसे. ही हतबलता त्यांना प्रयोगशाळेकडे घेऊन गेली. तिथे बर्नार्डो उसाय हे गुरू लाभले.

१९४३ मध्ये लोकशाहीच्या बाजूने काढलेल्या पत्रकावर सही केली म्हणून लष्करी राजवटीने उसाय यांना विद्यापीठातून काढले. लेलुआर अमेरिकेत गेले. पण तिथे स्थायिक न होता परतले. १९४७ मध्ये काम्पोमार या कापड उद्योजकाच्या देणगीतून एका जुन्या घरात छोटी संस्था उभी राहिली. थंड ठेवणारे सेंट्रिफ्यूज यंत्र नव्हते, तर रबरी ट्यूबमध्ये बर्फ भरून ती यंत्राभोवती गुंडाळली. पावसाचे पाणी पुस्तकांवर पडू नये म्हणून लेलुआर यांनी स्वतः पन्हळी बसवल्या. दोरीने बांधलेल्या मोडक्या खुर्चीवर बसून ते काम करत.

याच घरात यीस्टवर प्रयोग करताना त्यांना एक अनोळखी रेणू सापडला : यूडीपी-ग्लुकोज. गजरा करताना फूल आधी सुईवर घ्यावे लागते, मगच ते दोऱ्यात सरकते. साखरेचेही तसेच. सुटा ग्लुकोज साखळीत आपोआप जोडला जात नाही. ‘यूडीपी’ची सुई त्याला साखळीपर्यंत नेते आणि रिकामी होऊन परतते. हा शोध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अशाच सुईवर बसलेली, नायट्रोजन असलेली साखरही त्यांच्या गटाला सापडली. १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या लेलुआर यांना मिळाले.

त्यांनी हाडांवर काम केले नव्हते. पण हाडांच्या वाढीची वाट इथूनच जाते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते. तिच्यातल्या पेशी याच सुया वापरून कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या ओवतात. त्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या पाणी आणि कॅल्शियम धरून ठेवतात. कूर्चा वाढते, मग तिच्यात क्षार साठतात आणि हळूहळू तिची जागा हाड घेते. या साखळ्या विणणे जितके गरजेचे, तितकेच काम झाल्यावर त्या मोडणेही.

हे मोडण्याचे काम करणारे एखादे एन्झाइम जन्मतः नसेल, तर साखळ्या पेशींत साचत जातात. या आजारांना म्युकोपॉलिसॅकरायडोसिस म्हणतात. बाळ जन्मतः बहुधा ठीक दिसते. नंतर पाठीला बाक येतो, सांधे आखडतात, उंची खुंटते. वारंवार हर्निया आणि कानाचे संसर्ग होतात. असे मूल अनेकदा मुडदूस समजून कॅल्शियमच्या गोळ्यांवर राहते आणि मोलाची वर्षे निघून जातात. अशी लक्षणे एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञांकडून लघवीची आणि एन्झाइमची तपासणी करून घ्यावी. काही प्रकारांत एन्झाइमची इंजेक्शने किंवा लहान वयातच केलेले मूळपेशी प्रत्यारोपण उपयोगी पडते. मात्र एकदा वाकलेले हाड औषधाने फारसे सरळ होत नाही. म्हणून निदान लवकर व्हायला हवे. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांसाठीच्या केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त केंद्रांपैकी एक आहे. हा आजार आनुवंशिक आहे. आईच्या खाण्यापिण्याचा त्यात काही दोष नसतो. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणीही करता येते.

आणखी एक. या साखळ्यांसाठी निरोगी माणसाला महागडी पावडर लागत नाही. भाकरी, भात, डाळ यांतून मिळणाऱ्या साध्या ग्लुकोजपासून शरीर त्या स्वतःच विणते.

लेलुआर २ डिसेंबर १९८७ रोजी ब्यूनोस आयर्समध्ये निवर्तले. अखेरपर्यंत ते प्रयोगशाळेत जात होते. तरुण वयात रुग्णापाशी जी हतबलता त्यांना जाणवली, ती पुढच्या डॉक्टरांसाठी त्यांनी थोडी कमी करून ठेवली.