धर्मसत्तेला पेचात टाकणारा श्रद्धावंत

रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोव्हस्की याचे नाव घेतले, की खून, अपराध आणि पश्चात्ताप यांनी भरलेले जग डोळ्यांसमोर उभे राहते. पण त्याच्या लेखनाचा गाभा याहून खोल आहे. माणसाच्या सुखासाठी म्हणून त्याचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार कुणाला आहे काय, आणि तो अधिकार देवाच्या नावाने गाजवला गेला तर त्याला धर्म म्हणायचे की अधर्म, हा प्रश्न त्याने आयुष्याच्या अखेरीस विलक्षण निर्भयपणे मांडला. आश्चर्य हे, की हा प्रश्न विचारणारा लेखक नास्तिक नव्हता. तो झारशी एकनिष्ठ आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा श्रद्धाळू अनुयायी होता.

दोस्तोव्हस्कीचा जन्म १८२१ मध्ये मॉस्कोतला. वडील गोरगरिबांच्या रुग्णालयात डॉक्टर होते. सेंट पीटर्सबर्गला लष्करी अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊनही त्याचे मन साहित्यातच रमले. १८४६ मध्ये ‘पुअर फोक’ प्रसिद्ध झाली आणि समीक्षक बेलिन्स्कीने या तरुणाला डोक्यावर घेतले. पुढे याच बेलिन्स्कीचे एक पत्र त्याला भोवले. भूदासांची गुलामगिरी आणि तिला आशीर्वाद देणारे चर्च या दोहोंवर त्या पत्रात प्रखर टीका होती. पेत्राशेव्हस्कीच्या घरी जमणाऱ्या मंडळींसमोर दोस्तोव्हस्कीने ते वाचून दाखवले. १८४९ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा आरोपपत्रात हे वाचन प्रमुख अपराध ठरले.

त्या काळच्या रशियन पंचांगानुसार २२ डिसेंबर १८४९ रोजी सेम्योनोव्हस्की चौकात कैद्यांना देहदंडाची शिक्षा वाचून दाखवण्यात आली. क्रूस हाती घेतलेला धर्मगुरू पुढे आला. पहिल्या तिघांना खांबांना बांधण्यात आले. दोस्तोव्हस्कीचा क्रमांक त्यानंतरच्या तिघांत होता. बंदुका रोखल्या गेल्या आणि तेवढ्यात झारने दया दाखवल्याचे जाहीर झाले. हा सारा देखावा आधीच ठरलेला होता. राजसत्तेच्या त्या खेळात क्रूसही सामील होता, हे २८ वर्षांच्या तरुणाने डोळ्यांनी पाहिले.

मग सैबेरियातील ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरी, पायांत बेड्या आणि त्यानंतर सैन्यात सक्तीची चाकरी. तुरुंगाच्या वाटेवर तोबोल्स्क येथे जुन्या बंडखोरांच्या पत्नींनी त्याला बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली. ती त्याने मरेपर्यंत जपली. सैबेरियात त्याची श्रद्धा खोल रुजली, तसेच माणसातील दुष्टपणाचे जवळून दर्शनही घडले. १८५९ च्या अखेरीस तो राजधानीत परतला. आर्थिक चणचण, अपस्मार आणि जुगाराचे व्यसन यांच्याशी झगडत त्याने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (१८६६) लिहिली. त्यानंतरच्या ‘द डेमन्स’मध्ये क्रांतीच्या नावाने केलेला खून आहे. त्यातील स्ताव्ह्रोगिन एका बिशपपुढे आपल्या घोर पापाची कबुली देतो, ते प्रकरण संपादकाने नाकारले. ते प्रसिद्ध झाले १९२२ मध्ये.

१८७८ मध्ये तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अल्योशा अपस्माराने गेला. खचलेला बाप ऑप्टिना येथील मठात गेला आणि अम्ब्रोस या वृद्ध साधूला भेटला. या दुःखातून ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ (१८७९-८०) आकाराला आली. कादंबरीतला इव्हान आपल्या भावाला एक कथा सांगतो. सोळाव्या शतकातील सेव्हिलमध्ये, धर्मद्रोह्यांना जिवंत जाळले जात असताना, ख्रिस्त पुन्हा अवतरतो आणि नव्वदीचा प्रमुख धर्मन्यायाधीश त्यालाच कैद करतो. माणसाला स्वातंत्र्याचे ओझे पेलत नाही. त्याला भाकरी हवी, चमत्कार हवा आणि झुकायला कुणीतरी हवे, असे त्या वृद्धाचे म्हणणे. म्हणूनच ख्रिस्ताचे नाव ठेवून धर्मपीठाने सैतानाचा मार्ग स्वीकारल्याचे तो कबूल करतो. कुंपणानेच शेत खाल्ल्याची ही कहाणी. कैदी एका शब्दाचेही उत्तर देत नाही. तो वृद्धाच्या ओठांचे चुंबन घेतो. वृद्ध दार उघडतो.

चर्चचा खंदा पाठीराखा आणि लेखकाचा स्नेही पोबेदोनोस्त्सेव्ह यामुळे अस्वस्थ झाला. एवढ्या बिनतोड युक्तिवादाला उत्तर कुठे आहे, अशी त्याची विचारणा होती. दोस्तोव्हस्कीने झोसिमा या साधूच्या जीवनकथेतून ते द्यायचा प्रयत्न केला. पण तिथेही त्याने धर्मपीठाला सोयीचे काही लिहिले नाही. झोसिमाच्या मृत्यूनंतर चमत्काराची वाट पाहणाऱ्या मठात त्याच्या देहाला दुर्गंधी येऊ लागते, मठवासी कुजबुजतात, शिष्य अल्योशा डळमळतो आणि चमत्काराच्या आधाराविनाच सावरतो. धर्मन्यायाधीशाला खरे उत्तर मिळाले ते इथे.

दोस्तोव्हस्कीची दृष्टी निर्दोष नव्हती. कॅथलिक रोमबद्दलचा आकस, ज्यूंबद्दलचे विखारी पूर्वग्रह त्याच्या लेखनात उघड दिसतात. बाण त्याने स्पेनवर सोडला. पण १७२१ पासून त्याचे स्वतःचे चर्च सरकारी खाते बनले होते. १८८० मध्ये त्या खात्याची सूत्रे पोबेदोनोस्त्सेव्हकडेच आली आणि १९०५ पर्यंत त्याने ती कठोरपणे हाकली.

९ फेब्रुवारी १८८१ रोजी दोस्तोव्हस्कीचे निधन झाले. हजारोंच्या जनसमुदायाने त्याला अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या स्मशानभूमीत पोहोचवले. चर्चवरील टीका वाचली म्हणून ज्याला वधस्तंभापुढे उभे केले होते, त्याच्या अंत्ययात्रेत आता धर्मगुरू चालत होते. पण त्याचे पुस्तक कुठल्याच सत्तेच्या कामाचे नव्हते. भाकरीच्या बदल्यात स्वातंत्र्य मागणारा तो वृद्ध पुढेही वेगवेगळ्या वेशांत येत राहिला, आणि त्याला ओळखण्याची खूण मात्र एका श्रद्धावंताने लिहून ठेवली होती.