‘ॲडमिरल’ टर्नर

रीडिंगहून लंडनला जाताना मेडनहेडला आमची गाडी थेम्सवरचा विटांचा पूल ओलांडते. तोच पूल टर्नरने १८४४च्या आगगाडीच्या चित्रात रंगवलाय. पण माझं आवडतं चित्र त्याआधीचं, १८२४च्या सुमाराचं. फोकस्टनच्या किनाऱ्याजवळ तिन्हीसांजेला तस्कर समुद्रात दडवलेली जिन वर काढताहेत. चोरून आणलेली पिंपं वजन बांधून पाण्यात सोडायची, जकातवाले पांगले की ओढून घ्यायची, असा तो धंदा.

टर्नर १७७५मध्ये लंडनला एका न्हाव्याच्या घरी जन्मला. वडील पोराची चित्रं दुकानात लावून विकत. चौदाव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत, १७९६मध्ये तिथे पहिलं तैलचित्र, तेही रात्रीच्या समुद्रातल्या कोळ्यांचं. आईला मात्र वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. ती १८०४मध्ये गेली. घरच्या गोष्टी तो झाकूनच ठेवायचा.

म्हातारपणी तर चेल्सीत सोफिया बूथ या विधवेबरोबर राहिला आणि शेजारी त्याला निवृत्त ॲडमिरल बूथ समजायचे! मला वाटतं, दडवादडवी करणाऱ्यांवर त्याचा जीव होता तो यामुळेच.

१८५१मध्ये तो त्याच घरात वारला. दफन सेंट पॉल्समध्ये, खऱ्या नावाने. चित्रं देशाला देऊन गेला. इकडे आलात तर टेट ब्रिटनमध्ये ती फुकट बघता येतात.