गेलेलं नाक परत देणारे डॉक्टर

मैत्रिणींनो, आपल्या बोलण्यात नाकाचा केवढा तोरा आहे बघा. अब्रू गेली की नाक कापलं जातं, भाजी आवडली नाही की नाक मुरडलं जातं आणि सुनेनं नाकासमोर बघून चालावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण अपघातात, भाजल्यामुळे किंवा कुणाच्या दुष्टपणामुळे खरोखरच एखाद्याचं नाक गेलं तर? तर त्या माणसानं तोंड लपवून जगायचं, असंच जगभर गृहीत धरलं होतं. ते गृहीत धरायला ज्यांनी नकार दिला, त्या सर हॅरॉल्ड गिलीज यांची गोष्ट आज मला तुम्हाला सांगायची आहे.

हॅरॉल्डचा जन्म १७ जून १८८२ चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. आठ भावंडांतलं हे शेंडेफळ. तो लहान असतानाच वडील वारले. जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी करताना पडला आणि एक कोपर कायमचं आखडलं. पण पठ्ठ्या त्या हातानं केंब्रिजमध्ये होडीच्या शर्यती खेळला, गोल्फमध्ये नाव काढलं आणि लंडनला कान-नाक-घशाचा सर्जन झाला. १९११ मध्ये कॅथलीनशी लग्न झालं, पुढे चार मुलं झाली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. सैनिक खंदकात उभे राहून लढायचे. अंग मातीआड, पण डोकं वर काढलं की गोळी नाहीतर तोफगोळ्याचा तुकडा थेट तोंडावर. १९१५ मध्ये गिलीज फ्रान्सला गेले, तेव्हा जबडे उडालेले, नाकाच्या जागी नुसतं भोक उरलेले जवान त्यांनी पाहिले. जीव वाचवणारे डॉक्टर होते, पण चेहरा कोण देणार? परत येऊन त्यांनी वरिष्ठांच्या मागे लकडा लावला आणि १९१६ मध्ये ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात वेगळा विभाग मिळवला. रुग्ण आपल्याकडेच यावेत म्हणून स्वतःच्या पैशानं पत्त्याच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि जखमींना लावायला आघाडीवर पाठवल्या! त्याच वर्षी जुलैमध्ये सोमची लढाई झाली. २०० जखमी येतील असा अंदाज होता, आले सुमारे २,०००.

पुढे १९१७ मध्ये सिडकप गावी खास चेहऱ्याच्या जखमांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उभं राहिलं. तिथे ५,००० हून जास्त जणांवर ११,००० च्या वर शस्त्रक्रिया झाल्या. वॉर्डात आरसे ठेवायला बंदी होती. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची काही बाकं निळ्या रंगानं रंगवली होती. तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा बघून दचकू नये, अशी ती गावकऱ्यांना आधीच दिलेली सूचना. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. जखम त्याची, आणि लपायचंही त्यानंच!

आता नाक करतात तरी कसं? नाक म्हणजे काही वरून चिकटवायचं कातडं नव्हे. आतून अस्तर, मध्ये आधाराला हाड किंवा कूर्चा आणि वरून त्वचा, असे तीन थर लागतात. ब्लाउज शिवताना अस्तर धड नसलं की वरचं कापड ओढलं जातं ना, तसंच. आधीचे सर्जन अस्तराकडे दुर्लक्ष करायचे, मग नवं नाक आक्रसून जायचं. गिलीज यांनी अस्तरावर भर दिला. विल्यम स्प्रेकली नावाच्या लेफ्टनंटचं नाक युद्धात उडालं होतं. त्याच्या बरगडीची कूर्चा काढून त्यांनी ती कपाळाच्या कातडीखाली ठेवली, तिथे रुजू दिली आणि मग कपाळाचा तो भाग खाली वळवून नाक घडवलं. सुरुवातीला ते एवढं सुजलं की बघणारे हसले. गिलीजही खट्टू झाले. पण सूज उतरली आणि छान नाक दिसू लागलं. १९१७ मध्ये दाखल झालेला स्प्रेकली १९२० मध्ये घरी गेला. तीन वर्षांहून जास्त काळ! घाई करायची नाही, एक टप्पा भरल्याशिवाय दुसरा हाती घ्यायचा नाही, हा गिलीज यांचा नियमच होता.

आणि गंमत माहितीय? कपाळाच्या कातडीनं नाक करायची ही पद्धत जगभर भारतीय पद्धत म्हणून ओळखली जाते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेतून नाक करण्याचं वर्णन आहे. कपाळाच्या पद्धतीचा धागा तर आपल्या पुण्यापर्यंत येतो. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला कपाळाच्या कातडीतून नवं नाक दिलं. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये तिकडे तसंच नाक केलं. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

१९२० मध्ये गिलीज यांनी आपल्या अनुभवांवर ग्रंथ लिहिला, १९३० मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धातही ते पुन्हा कामाला लागले. १९६० मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी एका तरुण मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करताना त्यांना मेंदूचा झटका आला आणि १० सप्टेंबरला ते गेले.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण आहे. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी दुचाकीवरून पडल्या, नाकाचा पार चुरा झाला. भेटायला आलेल्या बायका काय म्हणाल्या? बरं झालं बाई, लग्न झालेलं आहे! त्यानंतर वहिनींनी हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. उपचार होऊ शकतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नटीचे चोचले, असंच आपण समजतो. खरं तर या शब्दाचा प्लास्टिकच्या डब्यांशी काही संबंध नाही, मुळात त्याचा अर्थ घडवणं, आकार देणं. अनेक मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. जुनी दुखापत असली तरी दाखवायला हरकत नसते. ॲसिड हल्ला झालेल्या स्त्रीवर तर सरकारी असो की खासगी, रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत, असा कायदा २०१३ पासून आहे.

तेव्हा तुमच्या गल्लीत कुणी पदराआड तोंड लपवून बसली असेल, तर तिला एवढं जरूर सांगा. आणि तोवर ती समोर आली, की नजर चुकवू नका. तिच्या डोळ्यांत बघून नेहमीसारखं बोला. तेवढ्याला काही सर्जन लागत नाही!